ओल्या वर्षाची चाचणी

२४ जाने., शनि.
लंडनला, हॅरोत हळदीकुंकू. जाताना M25 वर दीड तास अडकलो. वाण म्हणून परत एक प्लास्टिकचा डबा. नाशिकहून लेकीकडे आलेल्या एका बाईंनी विचारलं, "ओमानला सोळा वर्षं? अहो, नुसती वाळू ना तिथे? कशा राहिलात?" झालं, मी सुरू. वाळू बघायला आम्हाला चार तास गाडी हाकावी लागायची, म्हटलं. आमच्या दारात डोंगर होता. काळा, रखरखीत, समुद्राच्या तळातून वर आलेला. पायथ्याशी गोट्यांनी भरलेलं नदीचं पात्र, वर्षाचे अकरा महिने ठणठणीत कोरडं. आणि तरी कडेने खजुरांची हिरवीगार पट्टी. ती कशावर? तर फलजवर! डोंगराच्या पोटातलं पाणी उताराउताराने गावात आणणारा पाट. पंप नाही, वीज नाही, शेकडो वर्षं…
बाई तोवर समोशांकडे गेल्या होत्या.
परतताना अ. म्हणाला, "तू लेक्चर देतेस." देते. नवऱ्याने वीस वर्षांत एवढंही शिकू नये?

२६ जाने.
पाऊस. बेसिंगस्टोक नुसतं चिकचिकलंय. ऑफिसच्या कार पार्कात तळं. इथे मी पुराच्या धोक्याचे रिपोर्ट तपासते, तिथे पाणी शोधायचे. गंमतच आहे.
दिवसभर सालिमबाबा डोळ्यांपुढे. गावाच्या पाटाचे कारभारी. मोकळ्या पटांगणात एक खांब, त्याच्या सावलीवर पाणीवाटप. सावली दगडापाशी आली की पाणी एकाच्या बागेतून दुसऱ्याच्या बागेत वळवायचं. मी स्टॉपवॉच घेऊन उभी. म्हणाले, "तुझं बंद पडलं तर हे बघून लावून घे." त्यांची थोरली झुवैना माझ्याच वयाची, शाळेत शिकवायची. पाटावरच बांधलेल्या बायकांच्या न्हाणीघरात पाण्यात पाय सोडून बसायचो. ती मला अरबी शिकवी, मी तिला पोहे. ते पाणी हिवाळ्यात कोमट असायचं. इतकं सुख मला परत कुठे मिळालं नाही.

२९ जाने.
झुवैनाचा भलामोठा व्हॉइस मेसेज. आधी नेहमीसारखं, "इकडे काही खबर नाही, सगळं उत्तम." तिथली रीत. घरात कुणी गेलं असलं तरी आधी हेच म्हणायचं. मग खरं.
खरं असं, की फलज आटला. दोन वर्षं पाऊस नाही, पण पलीकडच्या गावाचा पाट वाहतोय, यांचाच कोरडा. गावाचा संशय वरच्या अंगाच्या बोअरवर. पाण्याची सरकारी कमिटी म्हणते, बोअरचा काही संबंध नाही, तसा जुना रिपोर्ट आहे. झुवैना म्हणते, "तू यातली आहेस. एक पान पाठवते. लिहिणाऱ्याचं नाव नाही. काही चुकलंय का बघ."
पान उघडलं. दुसऱ्या ओळीतच कळलं. माझं इंग्रजी मला ओळखू येणार नाही?

३१ जाने.
झोप नाही. लिहून काढते.
तेव्हा चाचणीसाठी ती बोअर तीन दिवस सलग चालवली, पाटाचं पाणी मोजत राहिले. बोटभरही उतरलं नाही. पण ते वर्ष ओलं होतं, दोनदा पूर येऊन गेला होता. सालिमबाबा शेजारी उभे होते, म्हणाले, "यंदा काय कळणार? कोरड्या वर्षी येऊन परत बघ." मलाही ठाऊक होतं. कॉलेजात हेच शिकवतात. मसुद्यात मी तसं लिहिलंही होतं, 'कोरड्या हंगामात चाचणी पुन्हा करावी'.
मग अ.ची इथली नोकरी ठरली. कंटेनर, खोकी, पोरीची शाळा. साहेबांना फाइल बंद करून हवी होती, मला मोकळं होऊन निघायचं होतं. ते वाक्य मी खोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. मीच.
'पाटावर परिणाम होणार नाही.' पूर्णविराम.

१ फेब्रु.
अ.ला सांगितलं. म्हणाला, "तिथे मोजायला कितीतरी जण आले-गेले. रिपोर्ट तुझा आहे हे तिला कुठे माहितेय? चाचणी अपुरी आहे एवढंच लिही. ते खरंच आहे ना?"
खरंच आहे. तसा मसुदाही केला. सभ्य, मुद्देसूद. वाचला आणि स्वतःची किळस आली.
ओमानहून निघताना त्यांचं अख्खं घर निरोपाला रस्त्यापर्यंत आलं होतं. झुवैनाच्या आईने गाडीच्या खिडकीतून डाळिंबं कोंबली, मांडीवर मावेनात. त्याच आठवड्यात मी ते वाक्य

४ फेब्रु.
सकाळी ऑफिसात शिरायच्या आधी गाडीत बसून फोन केला. काचेवर पाऊस, अरबी धड सुचेना.
"ते पान माझं आहे, झुवैना."
"म्हणजे?"
"मी लिहिलंय. कोरड्या वर्षाची चाचणी केलीच नाही. बाबांनी सांगूनसुद्धा."
तिच्या मागे शाळेतल्या पोरांचा गलका. मग म्हणाली, "आमची अर्धी झाडं गेली." मग, "माझा तास आहे." ठेवला.
दुपारी मीटिंगमध्ये माझं नाव तिसऱ्यांदा पुकारल्यावर ऐकू आलं.

८ फेब्रु., रवि.
काही नाही. चार दिवस झाले. सॅटेलाइट मॅपवर गाव शोधलं. खजुरांची पट्टी वरच्या टोकाला अजून हिरवी, शेपटाकडे तपकिरी. सालिमबाबांची बाग शेपटाला. कारभारी असून पाणी सगळ्यांत शेवटी घ्यायचे. फार आठवण येते. त्या माणसांची, त्या काळ्या डोंगराची, सगळ्याची. आठवण यायचा मला हक्क आहे का, कोण जाणे.

११ फेब्रु.
उत्तर आलं. आवाज नाही, लिहिलेलं. 'कमिटी सोमवारी बसते, रोजे सुरू व्हायच्या आधी. पत्र पाठवू नकोस. कागदावर आता कुणाचा विश्वास नाही. स्वतः ये आणि सगळ्यांसमोर सांग. वडील असतील.'
साहेबाकडून रजा घेतली. कारण विचारलं, फॅमिली म्हटलं. चौदा दिवस व्हिसा लागत नाही म्हणे. सोळा वर्षं राहिले त्या देशात, आता चौदा दिवस.
अ. आता अडवत नाही. लॅपटॉप घेऊन बसलाय. शनिवारची फ्लाइट मिळाली. मग विचारतो, "उतरणार कुठे? हॉटेल बुक करू?"
त्या गावात मला हे कधी ठरवावं लागलं नाही. मोजणीचं काम निघालं की त्यांच्याच घरी माझी गादी पडायची. मेसेज परत वाचला. 'ये' लिहिलंय. 'घरी ये' लिहिलेलं नाही.
म्हटलं, "कर. कॅन्सल करता येईल असं बघ."