पूर्णेच्या काठावरचा जबडा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मधल्या काळात तुमच्याशी बोलावं असं फारसं वाटलं नाही, कारण तुम्ही शिकवलेलं मी दुसऱ्यांना शिकवत होते आणि तेवढं मला पुरत होतं. या उन्हाळ्यापासून पुरत नाही. मी आता अकोल्यात एका खासगी सीबीएसई शाळेत विज्ञान शिकवते. सासर पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं, जिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. तिथे मे महिन्यात वाळू काढताना नदीची दरड कोसळली आणि आतून हाड निघालं. धाकट्या दिराचा फोन आला, "वहिनी, लय मोठं काहीतरी निंगालं. तुमी येऊन पाहा एकदा." गेले. पिवळ्या मातीतून एक जबडा अर्धा बाहेर आलेला, आणि त्यात एकच दाढ, टाकी लावलेल्या पाट्यासारखी आडव्या रेघांची. तुम्ही वर्गात दाखवलेलं चित्र मला लगेच आठवलं. हत्ती. आपल्या वऱ्हाडात कोणी नांगर धरायच्या फार आधी इथे चरणारा हत्ती. मी अमरावतीच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "पाणी लागू देऊ नका, झाकून ठेवा, मी येतो."

तुम्ही आम्हाला सालबर्डीच्या डोंगरात नेलं होतं तो दिवस त्या काठावर उभी असताना जसाच्या तसा समोर आला. तुम्ही एक दगड फोडता, आत इवलीशी गोगलगाय, दगडाचीच झालेली. "हे तळं होतं," तुम्ही म्हणता, "अन् वरून लाव्हा आला." आम्ही पोरी त्या काळ्या कड्याकडे पाहत राहतो. पण त्याहून जास्त आठवतं ते तुमचं रागावणं. मी वर्गात मोठ्या ऐटीत म्हणाले होते, माणूस माकडापासून झाला. "कोनं सांगतलं तुले?" तुमचा आवाज चढला. "माकड आपला आजा नाही, चुलतभाऊ आहे. दोघायचा आजा एकच, अन् तो आता नाही. न समजता बोलशीन तर उद्या कोनी हासलं की तुले उत्तर सुचनार नाही." मी रडले. संध्याकाळी तुम्ही घरी बोलावलंत. काकूंनी स्वयंपाकघरात पाटावर बसवून गरम कढी दिली. तुम्ही दारात उभं राहून तुमच्या वडिलांबद्दल सांगितलंत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन ते परतले आणि त्यांनी गावात पहिला प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या घरावर रात्रभर दगड पडले. मला ती जुन्या काळातली गोष्ट वाटली होती.

प्राध्यापक यायच्या आधी शेंदूर आला. महाभारतात चिखलदऱ्याच्या दरीत फेकलेल्या राक्षसाचं हे हाड, पुरात वाहत आलं, असं कोणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत त्यावर टिनाचं छप्पर उभं राहिलं. रोज दूध, रोज तेल, रोज पाणी. हाड नुसतं मातीच्या आधारानं टिकलेलं होतं. त्याचे कपचे सुटू लागले आणि लोक ते अंगारा म्हणून नेऊ लागले. माझ्या सासूबाईंचे गुडघे वर्षानुवर्षं दुखतात. त्यांनी दाढेचा एक कपचा ताईतात घालून गुडघ्याला बांधला. मी म्हटलं, "आई, ती हत्तीची दाढ आहे हो." त्या शांतपणे म्हणाल्या, "तुह्या शाळेत दाढ अशीन. मले काल रात्री झोप लागली."

मग एका रविवारी बाहेरगावचे एक महाराज आले. माइक होता, मांडव होता. ते म्हणाले की हे शिकलेले लोक आपल्या लेकरांना जनावरांची अवलाद म्हणतात. त्यांनी मला गर्दीतून उठवलं, कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. "बाई, तुमचा आजा माकड होता का?" सगळे हसले. मी तुमचं वाक्य बोलले, अगदी तुमच्या शब्दांत, चुलतभावाचं. हसणं थांबलं. मला वाटलं, पटलं. पण ते पटल्यामुळे थांबलं नव्हतं. मागून एक जण हळूच म्हणाला, "म्हंजे आमी माकडाचे भाऊ?" आणि माणसं माझ्याकडे पाहू लागली, ओळखीची माणसं, ज्यांच्या लग्नांत मी जेवले आहे. दिरानं माझं मनगट धरलं आणि गाडीपर्यंत नेलं.

त्याचा व्हिडिओ फिरला, मधली वाक्यं कापून. शाळेच्या सचिवांनी बोलावलं. चहा मागवला. "मॅडम, आमाले काही प्रॉब्लेम नाही. पालक इचारून राहिले, एवढंच. तो उत्क्रांतीचा धडा पुस्तकातून तसाही निंगाला, तुमी काहून शिकवता?" मी म्हटलं, पोरांना पुढे लागतो. ते मान हलवत राहिले. मी उठल्यावर म्हणाले, "तुमची मुलगी क्लासहून एकटीच येते ना? दिवस चांगले नाहीत, जरा पाहा." त्यांनी ते काळजीनं म्हटलं असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून मीच तिला आणायला जाते, आणि चौकात तीच एक मोटरसायकल रोज उभी असते की रोज वेगळी, हेही मला सांगता येत नाही.

प्राध्यापक आले तेव्हा त्यांना गावात येणाऱ्या पांदणीच्या वाटेवरच अडवलं. कोणी शिवी दिली नाही. पाणी पाजलं, गाडी वळवायला जागा करून दिली. पावसाळ्यात मी गेले तेव्हा दाढेच्या चकत्या सुट्या होऊन पडल्या होत्या, भाकरीच्या चतकोरांसारख्या, आणि जबड्याच्या जागी शेंदराचा एक गोळा होता. पुजारी नवा होता. त्यानं मला ओळखलं नाही, प्रसाद दिला. आता तिथे काय होतं हे सांगणारं काहीच उरलं नाही, माझ्या मोबाइलमधले चार फोटो सोडले तर, आणि ते खोटे आहेत असं ठरवायला कोणाला कितीसा वेळ लागतो?

सर, हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, कोणाला दाखवायचेही नाहीत. तुम्हाला फक्त एवढं सांगायचं होतं की काल मी दहावीला उत्क्रांती शिकवली. सगळी शिकवली, काही गाळलं नाही. पण सुरू करण्याआधी वर्गाचं दार लावून घेतलं, आणि शेवटपर्यंत आवाज बाहेर जाणार नाही इतपतच ठेवला.