शेवट पटला नाही

४ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी इकडे ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, ती स्वतः मात्र तुझ्याविषयी अजून एक अक्षर बोलत नाही, म्हणून तिच्याकडून काही लिहीत नाही. तू, वहिनी, तुझं लिफ्ट-दुरुस्तीचं काम, सगळं नीट चालू असेल असं धरून चालते. तुझा फोन नंबर बदलला, पत्ता तरी तोच आहे ना?

तीन वर्षांनी पत्र, आणि तेही काम पडलं म्हणून, असं म्हणशील. म्हण. खरंच काम पडलं आहे.

मी अजून कथा लिहिते. आत्तापर्यंत अकरा झाल्या. चार छापून आल्या आणि चारही फुकट. एका मासिकाने दोन अंक पाठवले आणि त्यांच्यासोबत वार्षिक वर्गणीचा फॉर्म. म्हणजे लिहायचं पण आपणच आणि विकत घेऊन वाचायचं पण आपणच. दुसऱ्या संपादकांनी लिहिलं, 'मानधनापेक्षा वाचकांचं प्रेम मोठं असतं.' त्यांना विचारावंसं वाटलं की कागदवाल्याला तुम्ही वाचकांचं प्रेमच देता का. विचारलं नाही. पुढची कथाही तिथेच पाठवायची असली तर जीभ आवरावी लागते.

मी चष्म्याच्या दुकानातच आहे. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली वही उघडते. मालक म्हणतात, "बाई, मोठ्या लेखिका झालात की आम्हाला विसरू नका," आणि काचा पुसायचं फडकं हातात देतात.

तर काम असं. वहिनी वाचनालयात आहे, तिच्याकडे सगळी मासिकं येतात. त्यांतली कुठली कथेला खरोखर पैसे देतात, एवढं तिला विचारशील? थोडे दिले तरी चालतील, पण दिले पाहिजेत. का म्हणून विचारू नकोस. हौस म्हण.

उत्तर तू नाही लिहिलंस तरी चालेल, वहिनीने लिहिलं तरी पुष्कळ.

तुझी,
बारकी


२० सप्टेंबर

प्रिय दादा,

वहिनीला साष्टांग नमस्कार सांग. इतकी कामाची यादी मला आजवर कोणी दिली नव्हती. तीन रकाने आखलेत तिने: 'देतात', 'देऊ म्हणतात' आणि 'नावच काढू नका'. तिसऱ्या रकान्यात माझी चारही मासिकं आहेत! शिवाय कोण किती दिवसांत उत्तर देतं, कोणाला हाताने लिहिलेलं चालत नाही, एकच कथा एकाच वेळी दोघांकडे पाठवलेली कोणाला खपत नाही, तेही समासात बारीक अक्षरात आहे. बाई हुशार आहे. तुला कशी मिळाली देव जाणे.

तिने शेवटी गमतीने लिहिलंय की तुम्ही दोघं कुठे बाहेर पडलात की तू जिन्यावरून तीन-तीनदा परत जातोस, बटणं बंद आहेत का ते बघायला. एकदा अर्ध्या रस्त्यातून बस सोडून परत गेलास म्हणे. तिला ते गमतीचं वाटतं. तू तिला काही सांगितलेलं दिसत नाही.

आणि खाली तुझ्या अक्षरात, 'आई कशी आहे?' मी ते आईला वाचून दाखवलं. "कोण विचारतंय?" म्हणाली, आणि घडी घातलेली चादर उलगडून परत घडी घालत बसली.

आता मुख्य बातमी. पहिल्या रकान्यातल्या पहिल्याच मासिकाला कथा पाठवली होती. संपादकबाईंचं उत्तर आलं. घेतली असं म्हणता येत नाही, नाकारली असंही नाही. पत्र समोरच आहे, तेवढं उतरवते:

'कथा आवडली. शेवट पटला नाही. इस्त्री भावानेच चालू ठेवली असं तुम्ही सांगता, पण पहिल्या पानावर तुमचा हा भाऊ सायकलचं कुलूप दोनदा ओढून बघतो. असा माणूस इस्त्री विसरेल? आणि त्या दुपारी त्याची बहीण कुठे होती? ते पान तुम्ही लिहिलेलंच नाही. ते लिहा, मग छापू. मानधन अंक निघण्याआधी देतो. पंधरा ऑक्टोबरपर्यंत वाट बघते.'

तुझ्या लक्षात आलंच असेल. कथा आपल्या लाँड्रीवर आहे. आगीवर. नाव कुणाचंच नाही, गावही नाही, बापाला मिशा लावल्यात. पण वहिनीच्या वाचनालयात अंक येणार, म्हणून तुला आधी सांगते.

संपादकबाईंना काय जातं बोलायला! खुर्चीत बसून लोकांच्या दुपारी तपासायच्या. मी चार दिवस नुसती चिडचिड केली, एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. त्यालाही तो बराच वेळ बरा वाटत होता.

तुला त्या दुपारचं नेमकं काय आठवतं? कथेसाठी विचारते. नसेल लिहायचं तर राहू दे.

तुझी,
बारकी


६ ऑक्टोबर

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी. तोंडपाठ झाल्यात.

'आठवायचं काय त्यात. मी डिलिव्हरीला जाताना इस्त्री चालू ठेवली असणार. परत आल्यावर आत न बघता कुलूप लावलं. माझ्या चुकीवर कथा लिहिलीस तर माझी हरकत नाही, तुला चार पैसे मिळत असतील तर बरंच आहे.'

त्याच दिवशी दुसरं एक पत्र आलं. हे तुला सांगितलं नव्हतं: संपादकबाईंना पाठवली तीच कथा मी यादीतल्या आणखी एका मासिकालाही पाठवली होती. वहिनीने समासात लिहिलं होतं की असं करू नये. मी केलं. त्या दुसऱ्या संपादकांना कथा जशी आहे तशीच हवी आहे. 'भावाच्या निष्काळजीपणाने उद्ध्वस्त झालेलं कुटुंब वाचून डोळे पाणावले,' असं लिहिलंय. मानधनही देणार. सोबत छापील संमतीपत्र, खाली सहीची जागा.

म्हणजे बघ. ज्याच्याविषयी लिहिलं त्याची परवानगी आहे, छापणारा तयार आहे, पैसेही आहेत. एक सही करायची. सही केली, पाकीट बंद केलं, आणि पोस्टाच्या दारापर्यंत गेले. तिथे रांग होती. मी रांगेत उभी राहिले, पण रांग पुढे सरकली तरी जागची हलले नाही. माझ्या मागचा माणूस विचारत होता, "ताई, बरं वाटत नाही का?" मी पाकीट घेऊन घरी आले.

दादा, इस्त्री तू चालू ठेवली नव्हतीस.

आता सगळं ओळीने लिहिते, नाहीतर पुन्हा कुठेतरी फाटा फोडीन.

त्या दुपारी मैत्रिणीकडे जाते असं तुला सांगून मी दुकानातून निघाले, ते खोटं होतं. मी कोपऱ्यावर उभी होते. तू कपड्यांचं गाठोडं सायकलला बांधलंस, शटर नुसतं खाली ओढलंस, आणि गेलास. मग मी शटर उचलून आत शिरले. एका मासिकाची कथास्पर्धा होती, त्या दिवशी शेवटची तारीख, पाकिटावर त्या दिवसाचा शिक्का हवा होता. घरी बसून लिहिलं की बाबा म्हणायचे, 'कागद काळे करून पोट भरतं का?' म्हणून मी दुकानात मागच्या टेबलावर लिहायचे, तुम्ही कोणी नसताना.

तू इस्त्री बंद करून गेला होतास. वायर काढून, गुंडाळून, नेहमी ठेवायचास तशी उभी ठेवून. मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

मी लावली. कशासाठी ते सांगायची लाज वाटते. कथेचे कागद पिशवीत चुरगळले होते. संपादकांना चुरगळलेले कागद कसे पाठवायचे? लाँड्रीवाल्याची मुलगी मी, मला दुसरं काय सुचणार! सतरा पानं होती. एकेका पानावर कापड टाकून, हलक्या हाताने इस्त्री केली. इतकी छान झाली होती पानं. मग घड्याळ बघितलं, पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. कागद पाकिटात कोंबले, शटर ओढलं आणि पळत सुटले. इस्त्री त्या कापडावरच आडवी राहिली.

इथपर्यंत विसराळूपणा म्हणता येईल. पुढचं म्हणता येणार नाही.

शिक्का मिळाला. परत येताना दुकानावरून आले, तर शटरला कुलूप. म्हणजे तू येऊन गेला होतास. तेव्हा मला आठवलं, दादा. कुलपासमोर उभी असताना मला इस्त्री आठवली. वाटलं, तू आत बघून बंद केली असशील. आणि लगेच वाटलं, नसशील तर? किल्ली तुझ्याकडे होती, घर पाच मिनिटांवर. पण किल्ली मागितली असती तर दुकानात कशाला गेली होतीस ते सांगावं लागलं असतं, आणि बाबांनी वही फाडली असती. मी शटरला हात लावून बघितला. गार होतं. मी घरी गेले, तुझ्या शेजारी बसून चहा प्यायले. तू मला विचारलंस, "काय गं, धापा का टाकतेस?"

तासाभराने लोक बोलवायला आले.

बाबांनी विचारलं, "कुलूप कुणी लावलं?" तू म्हणालास, "मी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कुठे होतीस?" मी म्हणाले, "मैत्रिणीकडे." एवढंच बोलले मी. पुढचं सगळं तुम्हीच बोललात, आणि तुझी तुला खात्री पटत गेली ते मी बघत बसले. बाबांनी तुला घराबाहेर काढलं तेव्हा बघत होते. ते दुसऱ्याच्या लाँड्रीत नोकरीला लागले तेव्हाही. ते गेले त्या दिवशी तू दारापर्यंत येऊन, आईने तोंड फिरवलं म्हणून परत गेलास, तेव्हा मी आईच्या मागेच उभी होते.

ती स्पर्धेची कथा तीन महिन्यांनी 'साभार परत' आली. पानं अजून सरळ होती.

मानधनाच्या मागे का लागले होते ते आता सांगते. या नादापायी दुकान गेलं, तू गेलास. वाटायचं, एकदा तरी या लिहिण्याचे कोणी पैसे दिले तर निदान म्हणता येईल की ते काहीतरी काम होतं, नुसता चाळा नव्हता. आणि कमाईची पहिली कथा कुठली लिहिली, तर तुलाच पुन्हा दोषी ठरवणारी. माझी मला किळस आली. तुझं कार्ड आलं नसतं तर कदाचित सही केलेलं पाकीट टाकलंही असतं. तेही खरंच लिहिते.

दुसऱ्या संपादकांचं संमतीपत्र फाडलं. त्यांना कथा मागे घेत असल्याचं कळवलं. वहिनीला सांग, तिचा नियम मोडला, पुन्हा मोडणार नाही.

संपादकबाईंनी मागितलेलं पान लिहून झालं आहे. त्याची नक्कल सोबत आहे. तू नको म्हणालास तर पंधरा तारीख उलटू देईन आणि कथा कुठेही जाणार नाही. छाप म्हणालास तर छापीन. वहिनीने वाचावं की नाही, तेही तूच ठरव. आजवर तुझ्या वतीने मी फार ठरवलं.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते. आणि आज घरातून निघताना बटणं बघायला परत जाऊ नकोस रे. तू कधीच काही चालू ठेवलं नव्हतंस.

पत्र बंद करायच्या आधी आईला वाचून दाखवणार आहे. फार भीती वाटते आहे.

ता. क. वाचून दाखवलं. कुलपासमोर उभी राहिले तो भाग पुन्हा वाचायला लावला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "घराबाहेर काढलं त्या दिवशी मी त्याला जेवायलाही वाढलं नव्हतं."

मग उठली आणि पिशवी शोधायला लागली. म्हणाली, "हे पोस्टात टाकू नकोस. मी नेऊन देते."

मी म्हटलं, "अगं, गुडघे?"

"गुडघे राहतील घरी. मी जाते."

मी येते म्हटलं तर म्हणाली, "तू नंतर. तुझं तोंड आधी बघितलं तर तो माझ्याशी बोलायचा नाही, तुझीच समजूत काढत बसेल." तुला इतकं ओळखते ती, आणि नऊ वर्षं मी तिला ओळखू दिलं नाही.

उद्या पहिल्या बसने आई निघते आहे. म्हणून पाकिटावर पत्ता घातलेला नाही. मोठ्या अक्षरात एवढंच लिहिलं आहे, 'आधी आईला आत घे, मग वाच.' तेवढं ऐकलं असशील, तर आत्ता ती तुझ्यासमोर बसली असेल आणि काय बोलावं ते तिला सुचत नसेल. तूच बोल. तुला जमतं.

इतकी वर्षं तुझ्या आड लपलेली,
तुझी बहीण