ताप आल्यापासून किती दिवस

प्रिय ढोल्या,

पन्नाशी ओलांडलेल्या बेकरीमालकाला या नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पण फोन केला की भट्टी तापलीय म्हणून ठेवून देतोस, आणि कालपासून तर उचलतही नाहीस. तेव्हा पत्रात तरी मला मनासारखं बोलू दे.

मी मजेत आहे. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं धूळ खाल्ली, आता कुठे कुणीतरी विचारायला लागलंय. आमच्या तरुण डॉक्टरीणबाई शहरातल्या कोरोनाच्या रुग्णांचा अभ्यास करताहेत: कोण वाचलं, कोण गेलं आणि का. फायली काढून फॉर्म मी भरायचे. वय, बाई की पुरुष, वजन, साखर, रक्तदाब, किडनी. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, त्यामुळे बाई मला अगदी गुरू मानतात. चष्म्याचा नंबर वाढला, पण ऐटही वाढलीय.

एक नाद मात्र लागला. दिसेल त्याला मी रकान्यांत बसवून बघते. शेजारचे प्लंबरकाका वयात सापडतात, पण माणूस काटक. आमची हेडक्लार्क वजनात सापडते, पण तिला ते सांगायची कुणाची छाती नाही. आणि तू, बाबा, सगळीकडे सापडतोस. पुरुष, वय, साखर, रक्तदाब, आणि पोट तर दारातून तुझ्याआधी आत येतं. शाळेत एका विषयात धड पास झाला नाहीस, इथे मात्र सगळे विषय काढलेस. आधी मला हसू आलं, मग भीतीच वाटली.

वय काही थांबत नाही आणि साखर एका दिवसात उतरत नाही. पण शेवटी एक रकाना आहे: ताप आल्यापासून दाखल व्हायला लागलेले दिवस. आमच्याकडे गेलेल्यांच्या फायलींत तो आकडा बहुतेकदा मोठा निघतो. मंगळवारी तुझ्या भावोजींची फाइल हातात आली. दुसऱ्या कुणाला देता आली असती, पण मीच भरली. सात दिवस. सातही दिवस ते उद्या बघू म्हणत राहिले आणि मी त्यांची उशी सारखी करत राहिले. त्यांचा राग येतो मला, आणि माझा त्याहून जास्त. तो सातचा आकडा दोनदा लिहावा लागला, पहिला मलाच वाचता येईना.

आता मुद्द्याचं. तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलंय, तिच्यावर डाफरू नकोस. शाळा बुडवायला थर्मामीटर चहात बुडवणारा तू, आता म्हणे बर्फ चघळून तो तोंडात धरतोस. जित्याची खोड म्हणतात ती हीच, म्हणीचा पुढचा भाग मी लिहिणार नाही. आज तापाचा चौथा दिवस आहे. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तो आमच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आहे, गाडी खाली उभी आहे, आणि तुला घेतल्याशिवाय हलायचं नाही असं मी त्याला बजावलंय. पायात चपला घाल आणि उतर. तुझा फॉर्म मी भरून ठेवलाय, त्या रकान्यात चार लिहिलंय. मला त्याचे पाच करायला लावू नकोस.

हॉस्पिटलच्या गेटवर उभी असलेली,
तुझीच
ताई