‘निवड झाली नाही’चा कर्ता

खडकी, पुणे
२१ जुलै २०२५

आदरणीय विजयमाला बाईंना,
रुमानाचा सादर नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. अब्बांची साखर आटोक्यात आहे, निदान अम्मीच्या लेखी. बाजारात गेले की ते काय खातात ते त्यांनाच ठाऊक. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आता वेळ जात नाही म्हणून तो ते माझ्यावर घालवतात. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरत जा. आम्हाला ‘सरळ बसा’ म्हणून इतकी वर्षं ओरडलात, आता जरा स्वतःलाही ओरडा.

तुमचा मेसेज मिळून बरेच दिवस झाले. तुमची नात स्पृहा पाचवीत गेली, इंग्रजी शाळेमुळे तिच्या मराठीची बोंब आहे, आठवड्यातून दोनदा घरी येऊन शिकवशील का, तुझ्याइतकं समजावून कोणी सांगत नाही, असं तुम्ही लिहिलंत. साधा हो-नाहीचा प्रश्न आहे. मी रोज उत्तर टाइप करते आणि रोज पुसते. शेवटी कागद घेतला. मोबाइलवर लिहिलं असतं तर तुम्ही नुसता अंगठा दाखवून मोकळ्या झाला असतात.

आधी बाकीचं सांगते. बी.एड.बद्दल तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. बी.ए. झाल्यावर काही वर्षं मी एका छपाईवाल्याकडे लग्नपत्रिका तपासत होते, हे तुम्हाला माहीत आहे. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ मधले ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांची लग्नं मोडली असतील, पण पत्रिका शुद्ध होत्या. मग एक दिवस सीईटीचा फॉर्म भरला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले. वर्गातल्या निम्म्या मुली मला आधी प्राध्यापिका समजल्या.

सराव पाठासाठी आम्हाला ज्या शाळेत पाठवत, तिथली मुलं आमच्यापेक्षा तयार होती. दर वर्षी नवे छात्राध्यापक येऊन तेच धडे शिकवणार, त्यामुळे पाठ कसा चालतो हे पोरांना तोंडपाठ. आधी इकडचे तिकडचे प्रश्न विचारून प्रस्तावना करायची, मग ‘आज आपण अमुक शिकणार आहोत’ असं हेतुकथन करायचं. मी दोनच प्रश्न विचारले, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, प्रस्तावना झाली. हेतुकथन करून टाका, मागे सर मार्क देतायत.’ सगळा वर्ग हसला. मीही हसले, खडू हातातून पडला. सरांनी शेरा मारला, ‘वर्गनियंत्रण कमी.’ त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते. मला हेच करायचंय, असं तेव्हा ठाम कळलं. त्याआधी मी फक्त तुमचं ऐकत होते.

टीईटी दुसऱ्या खेपेला सुटली. ते प्रमाणपत्र आता आजन्म वैध आहे. म्हणजे मी मरेपर्यंत शिकवायला पात्र आहे. पुढचं कुणी लिहिलेलं नाही.

मग शाळा शाळा फिरले. बहुतेक ठिकाणी नाव वाचल्यावर समोरचा माणूस एकदम मायाळू होतो. ‘उर्दू माध्यमाच्या शाळेत बघा ना, तिथे जागा असतात.’ मला उर्दू वाचता येत नाही, असं मी सांगते. ‘अरेच्चा!’ एका ठिकाणी तर मुख्याध्यापकांना माझ्या अब्बांचा राग आला, पोरीला स्वतःची भाषा शिकवली नाही म्हणून. माझी भाषा कोणती ते त्यांनी परस्परच ठरवलं होतं. उर्दू शाळेला मी मराठीवाली, मराठी शाळेला मी उर्दूवाली. एम.ए.ला असते तर यावर निबंध लिहिला असता.

जूनमध्ये आपल्या शाळेत मराठीची जागा निघाली. तुम्हीच कळवलंत. मुलाखतीला समोर तिघं बसले होते. संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, आणि विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या एक निवृत्त बाई. अध्यक्षांनी माझं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘घरी कुठली भाषा बोलता?’ मी म्हटलं, ‘भूक लागली की मराठी, राग आला की हिंदी.’ मुख्याध्यापक हसले. त्या बाई हसल्या नाहीत. शुद्धलेखनाची चूक सापडायची राहिल्यासारख्या त्या माझ्या अर्जाकडे बघत बसल्या. चूक सापडणार नव्हती. अर्ज कसा लिहायचा हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

तुम्ही समितीवर असणार हे मात्र तुम्ही कळवलं नव्हतंत, बाई.

मग आठवीच्या वर्गावर पाठ झाला. विषय तुमच्या आवडीचा, प्रयोग. तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसलात. कर्ता शोधायचा तर धातूला ‘णारा’ लावून ‘कोण’ असं विचारायचं, ही तुमचीच रीत मी शिकवली. ‘मांजरीने दूध सांडले.’ सांडणारी कोण? मांजर. सगळ्यांना आलं. मग मी फळ्यावर नुसतंच लिहिलं, ‘दूध सांडले.’ आता सांडणारं कोण? एक मुलगी हळूच म्हणाली, ‘दूधच.’ बरोबर, व्याकरणाप्रमाणे दूधच. ‘मग मांजर कुठे गेली?’ मी विचारलं. मागून आवाज आला, ‘पळाली!’ इतका हशा झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तुम्हीही हसलात. पदर तोंडाला लावलात तरी मी पाहिलं. तेवढ्या वेळापुरती मला खात्री झाली की जागा माझी झाली.

मला बाहेर बाकड्यावर बसायला सांगितलं. दार उघडंच होतं, मधे फक्त पडदा. अध्यक्षांनी तुमचं मत विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘शिकवते उत्तमच. माझ्याच हाताखालची आहे. पण आपल्याला पालकांचाही विचार करायला हवा.’

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तुम्ही आम्हाला वर्गात सांगितला होता. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. बाई, मी ऐकत होते.

पुढचं ऐकायला थांबले नाही. नळावर जाऊन पाणी प्यायले. कदाचित त्यानंतर तुम्ही माझी बाजू घेतली असेल, भांडलाही असाल. तसं असेल तर मला सांगू नका, मला ते ठेवायला जागा नाही.

काही दिवसांनी शाळेच्या क्लार्कचा फोन आला. ‘मॅडम, आपली निवड झालेली नाही.’ मी विचारलं, ‘कोणी केली नाही?’ तो बिचारा गोंधळला. म्हणाला, ‘झालेली नाही, मॅडम.’ वाक्य अगदी शुद्ध आहे. न होणारी कोण? निवड. मांजर केव्हाच पळालेली.

मला राग आला आहे. गेला असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तो गेलेला नाही. अध्यक्षांचा आला नाही, त्यांना मी कोण? मला तुमचा आला. बारावीनंतर तुम्ही आमच्या क्वार्टरवर आला होतात. अम्मीने केलेला शीरखुर्मा खाऊन अब्बांना म्हणालात, ‘मकबूलभाई, हिला मराठीच घेऊ द्या. हिला भाषेचा कान आहे.’ अब्बांच्या मनात नर्सिंग होतं. तुमच्या शब्दाखातर त्यांनी ते सोडलं. माझी मावसबहीण सुमय्या नर्स आहे, तिचं नाव वाचून अजून एकाही रुग्णाने तिला परत पाठवलेलं नाही. अब्बा हे बोलत नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या खोलीत तुम्ही होतात, हे मी घरी सांगितलेलं नाही. तुमचा मेसेज अब्बांनी वाचला तेव्हा खूश झाले. ‘बाईंनी बोलावलंय? मग विचार कसला करतेस? जा की.’ तुमच्याबद्दल त्यांच्या मनात जे आहे ते तसंच राहू दे. घरात एकाचं तरी राहू दे.

आता मी कुठे अर्ज करत नाही. येरवड्याच्या एका कंपनीत लागले आहे. मराठी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांचे फोन मशीन ऐकून लिहून काढतं, त्यातल्या चुका मी दुरुस्त करते. मशीनला ‘ळ’ नीट ऐकू येत नाही. लोक फोनवर तक्रारी करतात, कधी रडतातही, आणि मी कानाला हेडफोन लावून त्यांची विरामचिन्हं ठीक करते. काम वाईट नाही. दिवसभर मराठी कानावर पडते. माझं बोलणं मात्र कोणी ऐकत नाही. पुढच्या वर्षी बघू, असं अम्मी म्हणते. मी हो म्हणते. पुढच्या वर्षीही माझं नाव हेच असणार आहे.

नाही म्हणायचं, असं पक्कं ठरवून हा कागद घेतला होता. तुमच्या स्पृहासाठी मी चांगली शिक्षिका, आणि वर्गासाठी पालकांचा विचार, हे मला गिळता येईना. चांगली दोन खरमरीत वाक्यंही तयार होती. पण इथवर लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मी स्पृहाला ऱ्हस्व-दीर्घ कसे शिकवायचे याचा विचार करते आहे. इंग्रजी शाळेतलं मूल ‘ळ’ला ‘ल’ म्हणतं, त्यावर काय करायचं तेही माझं ठरून गेलंय. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मला वर्ग मिळणार नाही, हे मला आता कळून चुकलं आहे. एक मुलगी मिळते आहे, आणि तीसुद्धा मला सोडवत नाही.

येते मी. मंगळवारी आणि शुक्रवारी, कंपनी सुटल्यावर. शिकवणीच्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत थांबलात तर बरं होईल. तुम्ही समोर असताना मला आता शिकवता येणार नाही. चहा नको.

एकच मागणं आहे. स्पृहाने मला रुमानादीदी म्हणू नये, ताईसुद्धा नको. तिला आधीच सांगून ठेवा, की मला ‘बाई’ म्हणायचं. दुसरं कोणी म्हणणार नाही.

स्पृहाच्या बाई,
रुमाना मकबूल तांबोळी