सदतीस अंश

३ मार्च
आलो एकदाचा! प्रयोगशाळा झकास, घराला हीटर, बायको खूश. काम ध्रुवाजवळच्या समुद्रातल्या शिंपल्यांवर. शिंपल्यावर दरवर्षी एक थर चढतो. तो बारीक ड्रिलने कोरायचा, भुकटी यंत्रात घालायची, की त्या वर्षी पाणी किती थंड होतं ते कळतं. आलेख नीट आला तर नोकरी कायम, असं साहेब म्हणाले. यंत्रवाले काका मात्र घुमे.

९ मार्च
काका बोलले शेवटी. माझ्या जागेवर आधी त्यांची लेक होती, बर्फाखाली बुडी मारून शिंपले काढायची. दोन वर्षांपूर्वी तिने दोर तीनदा ओढला, म्हणजे वर घ्या. साहेबांना आणखी शिंपले हवे होते. त्यांनी तिला वर घेतलं नाही. नोंदवहीतली ती ओळही नंतर खोडली. देह सापडलाच नाही. माझे शिंपले यंदा तिथूनच काढलेत. पण मी काय करणार?

१४ मार्च
शेवटचे दोन थर सदतीस अंश दाखवतात. आधीचे सगळे उणे एक! चारदा कोरलं, तेच. काका म्हणाले, एवढी ऊब माणसाच्या अंगाला असते, आणि पोर अजून निवलेली नाही. साहेब डाफरले, कचरा आहे तो, खोडा. खोडला. कायमची नोकरी कोण लाथाडतो?

२० मार्च
आलेख सुरेख. पत्र हातात. कायम! साहेब मात्र हीटरला चिकटूनही कुडकुडत होते.

२२ मार्च
साहेब गेले. भर दुपारी, तापलेल्या खोलीत, गारठून. फुफ्फुसांत खारं पाणी निघालं म्हणे. काकांच्या डोळ्यांत टिपूस नाही. मला एवढंच म्हणाले, खोडणारे दोघं होते.

२३ मार्च
सकाळपासून हुडहुडी. बायको म्हणते, हात आहेत की बर्फ? थर्मामीटर चौतीस. तीन ब्लँकेटं घेतली—

२४ मार्च
तीस. ते आकडे परत लिहिले, सहीनिशी. काकांना फोन केला, रडलो, म्हटलं पोटासाठी केलं, तिला सांगा. ते म्हणाले, माझ्या लेकीनेही वर घ्या म्हटलं होतं. फोन ठेवला.

दुपार. सव्वीस. बोटं वळत नाहीत. तोंडात खारट—

हिने हात धरलाय. किती ऊबदार. बरं वाटतं—

पण ही तर डॉक्टरांना आणायला गेली—