पहिल्या नंबरला कोल्हापूर

कोल्हापूर,
२७ जुलै, रविवार. दुपारी सव्वाबारा

इरावती,

त्या दिवशी कॉलेजच्या वर्कशॉपच्या पायऱ्यांवर तू एक पाऊल मागं सरलीस, तिथं माझं सगळं बदललं. मी आदर्शच्या कानाखाली वाजवली ते लोकांच्या लक्षात आहे. माझ्या लक्षात तुझं पाऊल आहे. तुला वाकडं बोलला होता तो, मार खाल्ला त्यानं, आणि तू त्याच्याकडं बघितलंससुद्धा नाहीस. माझ्याकडं बघितलंस आणि मागं सरलीस.

असो. पत्राची सुरुवात अशी करत नाहीत. तू बरी असशील. काल पुण्याहून आलीस आणि आज संध्याकाळी परत जाणार, हे तुझ्या भावानं, सौमित्रनं आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. थोडं विचारलं होतं. तुझ्या बाबांचा, म्हणजे आमच्या सरांचा गुडघा आता बरा आहे म्हणे. काकूंना नमस्कार सांग असं लिहिणार होतो, पण तू सांगणार नाहीस.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस म्हणून कागद. आणि अकरापासून प्रवेशाची वेबसाइट हँग आहे, पोरं मिसळ खायला गेलीत, म्हणून वेळ. आज पाचला अर्ज बंद होतात. पाच हा आकडा ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

मी हल्ली काय करतो ते कानावर आलं असेल. गुंडूआण्णांच्या सेंटरमध्ये बसतो. बारावी झालेल्या पोरांचे प्रवेशाचे अर्ज भरतो. स्वतःचं कॉलेज तिसऱ्या वर्षात सुटलेला गडी दुसऱ्यांना कॉलेज लावतोय, हसलीस तरी चालेल. पण इरावती, खरं सांगू का, ह्या कामात मी बरा आहे. एकाचा ईमेल ‘किलर बॉय’ नावानं होता, त्याला साधा नवीन काढून दिला, म्हटलं, बाबा, उद्या नोकरी देणारा हे वाचणार आहे. दाखल्यांचे तीन संच कसे करायचे, बँकेत कुठल्या खिडकीला जायचं, हॉस्टेलच्या मॅडमना फोन लावून न घाबरता काय बोलायचं, सगळं सांगतो. परवा गारगोटीकडची वर्षाराणी आली होती वडिलांबरोबर. अर्जावर सही लागते, आणि तिनं जन्मात सही केली नव्हती. पाठकोऱ्या कागदावर वीसेक वेळा गिरवली. शेवटची बघून म्हणाली, “सर, ही मी हाय व्हय?”

मला सर म्हणाली.

एक गोष्ट मी प्रत्येकाला घसा बसेपर्यंत सांगतो. कॉलेजांची यादी लावताना आधी मनातलं लिहा. वरचं नाही मिळालं तर मशीन आपोआप खालचं देतं, त्यात तुमचं काही जात नाही. पण पहिल्या नंबरला लिहिलेलं मिळालं की विषय संपला. ते घ्यायचंच, पुढच्या फेरीत तुमचं नाव नाही. म्हणून पहिला नंबर भीतीनं लिहू नका.

सांगतो की नाही बघ, शहाण्यासारखं.

सौमित्रच्या अर्जावर तुझा मोबाइल नंबर आहे. सरांचा फोन बटणांचा, आणि त्याच्याकडं तेव्हा स्वतःचा नव्हता. त्यामुळं ओटीपी तुझ्याकडं जातो. तीनदा लागला. तीनदा त्यानं तुला फोन लावला, तू आकडे सांगितलेस आणि त्यानं ते मोठ्यानं म्हटले. स्पीकर चालू नव्हता, तरी तुझा आवाज येत होता मला. सव्वा वर्षात तुझ्याकडून मला मिळालं ते एवढंच. सहा आकडे, तीन वेळा. दहा मिनिटांत निकामी होतात ते. मी वहीत लिहून ठेवलेत.

हे वाचून तुला भीती वाटेल. वाटू दे. आज काही लपवायचं नाही असं ठरवून बसलोय आणि तरी मगापासून दुसरंच लिहितोय.

एक वाजून चाळीस.

वेबसाइट आली, सात अर्ज झाले, परत गेली. आण्णा मागं येऊन उभे राहिले. “काय लिहायलास रं मगापासनं? लव लेटर हाय काय?”

“अर्ज हाय, आण्णा.”

“मग फोटो चिकटीव की!” सगळी पोरं हसली. मीही हसलो.

कॉलेजनं मला काढलं असं मी सगळ्यांना सांगितलंय. घरी आबांना, आण्णांना. तुलाही तसंच वाटत असेल आणि कदाचित थोडं वाईटही वाटलं असेल. ते काढून टाक. मला पंधरा दिवस घरी बसवलं होतं फक्त. सोळाव्या दिवशी मी गेटपर्यंत आलो. तू स्टँडला गाडी लावत होतीस, कुणाशी तरी हसत बोलत होतीस. मला वाटलं, मी आत गेलो की हे हसणं थांबणार. तिथनंच माघारी फिरलो. मग कॉलेजऐवजी तुझ्या गल्लीच्या तोंडाला टपरीवर बसायला लागलो, महिनाभर, रोज. आणि शेवटी तू चालत आलीस आणि म्हणालीस, “राजवीर, मला तुझी भीती वाटते. परत इथं दिसू नकोस.” तेव्हापासून त्या गल्लीत मी पाय ठेवलेला नाही. तेवढी एकच गोष्ट मी नीट पाळलीय.

आता गुरुवारचं.

गुरुवारी सौमित्र यादी घेऊन आला. वहीच्या पानावर, त्याच्या त्या बारीक अक्षरात. पहिली तीन नावं पुण्याची, चौथं कोल्हापूर. चांगली यादी होती. त्याच्या मार्कांना पुण्याचं दुसरं तर नक्की लागेल, पहिलंही लागू शकेल. मी टाइप करायला घेतलं आणि तो बोलत बसला.

“दादा, मला पुणे लागलं की आम्ही सगळेच जाणार. बाबा रिटायर झालेत, आई म्हणते आता इथं काय ठेवलंय. घर भाड्यानं देणार.”

“आणि ताई?”

“ताई तर खूश आहे. म्हणते, मग मला कोल्हापूरला यायचं कारणच नाही.”

माझी बोटं थांबली.

मी त्याला म्हटलं, पुण्याचं कटऑफ यंदा लई वर जाणार, उगाच नाद करू नको. पहिल्या नंबरला कोल्हापूर टाक, सीट हातात घे. त्यानं दोन सेकंद माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून तो आठ दिवस उलटं ऐकत होता, बाजूला बसून. मग म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं, दादा. तुम्हाला त्यातलं कळतं.”

मी अर्ज कन्फर्म केला. त्यालाच तो तिसरा ओटीपी लागला. म्हणजे तुझ्या भावाला तुझ्याच आकड्यांनी मी कोल्हापुरात कुलूप लावलं. कशासाठी, तर तू शनिवार-रविवार ह्या गावात असावीस म्हणून. मी तुला भेटणार नव्हतो. गल्लीतही येणार नव्हतो. फक्त तू गावात आहेस एवढं मला ठाऊक असावं म्हणून.

लिहिलं एकदाचं.

आज सकाळी तो पेढे घेऊन आला. “आईनं दिलेत. म्हणाली, राजवीरनं घरच्यासारखं बसून भरलं.” पेढे ठेवले आणि मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेला. बॉक्स कीबोर्डशेजारी आहे, दोरा तसाच. अकरा वेळा फोन लावलाय त्याला. लागत नाही. संध्याकाळी सहाला येतो म्हणाला होता. सहाला काय उपयोग?

दोन वाजून दहा.

आण्णांना सांगितलं. आधी त्यांना खरं वाटेना. मग मला आतल्या बाजूला ओढलं.

“गप बस. एक अर्ज हाललाय म्हणलास की उद्या दोनशे आईबाप दारात. पोरगं कोल्हापुरात शिकलं तर मरतंय व्हय?”

“मरत न्हाय आण्णा. पण त्यानं तसं लिहिलं न्हवतं.”

“त्याची बहीण कोण हाय, मला ठावं न्हाय असं वाटतं काय तुला? तुला तिच्या दारात जायला निमित्त पायजे, दुसरं काय न्हाय.”

हात वर गेला होता माझा. आण्णांनी बघितला. बापासारखा माणूस. तो हात मी खिशात घातला आणि तिथंच दाबून धरला. कारण आण्णा अर्धं खरं बोलले होते, आणि ते अर्धं काढून टाकायचा एकच मार्ग मला दिसतो, तो खाली लिहितोय.

“गेलास तर परत ह्या खुर्चीवर बसू नकोस,” आण्णा म्हणाले.

तर ऐक. सौमित्रची मूळ यादी ह्या पत्राला टाचलीय. अर्जाचा नंबर आणि पासवर्ड मागच्या बाजूला आहे. मला काही करायचं नाही, सगळं तू कर. फोनवरही होतं. ‘अनलॉक’ दाबलंस की ओटीपी तुझ्याच फोनवर येईल. तो टाक, यादी त्याच्या कागदाप्रमाणं लाव, परत कन्फर्म कर. दुसरा ओटीपी येईल. वेबसाइट पडली तर सोडू नकोस, लावत राहा, साडेचारनंतर गर्दी वाढते. झालं की पासवर्ड बदल. आणि ते आकडे मला सांगू नकोस. सौमित्रकडूनही कळवू नकोस. जमलं का, हेसुद्धा नको.

संध्याकाळी तो आला की त्याला सांग, दादा खोटं बोलला. कटऑफचं कारण देऊ नकोस. खरं कारण सांग, मी लिहिलंय तसंच.

आज मी गल्लीत येणार आहे. दिलेला शब्द मोडतोय. दारात सर असले तर सरांच्या हातात पत्र देईन. त्यांनी अकरावीला मला गणित शिकवलंय, वर्गात मारामारी केली म्हणून दोनदा बाहेरही उभं केलंय, आज तिसऱ्यांदा करतील. तू असलीस तर कागद पायरीवर ठेवीन. तू मागं सरू नकोस, इरावती. ह्या वेळी मी सरतो.

वहीतलं तुझ्या आकड्यांचं ते पान फाडून टाकलं. पेढे वर्षाराणीच्या वडिलांना दिले, ती उरलेला अर्ज भरायला आलीय. आण्णा स्वतः खुर्चीवर बसलेत, चष्मा शोधतायत. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

अडीच. ही ओळ बाहेर सेंटरच्या पायरीवर उभा राहून लिहितोय, म्हणून अक्षर असं. दार मागं ओढून घेतलंय.

ज्याची तुला भीती वाटली, तो
राजवीर