उशाशी घंटी

३ मार्च, सकाळ
आजपासून घरात शिस्त. यांच्या उशाशी पितळी घंटी ठेवली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरच्या टेबलावर असायची, अगदी तशी. ती नुसती टिणटिणली की सगळा वर्ग चिडीचूप. यांना सांगितलं, सांधे ठणकले, मन खट्टू झालं, काहीही लागलं की वाजवायची. मी हजर. संधिवात आणि डिप्रेशन एकाच माणसाला झालं म्हणून काय आभाळ कोसळलं? मॅनेजमेंट हवी. हे म्हणाले, बरं.

४ मार्च
घंटी वाजली नाही. म्हणजे मजेत आहेत. तरी अधूनमधून डोकावून विचारून आलेच, वाजवली नाहीत ना? नाही म्हणाले.

६ मार्च
फिजिओ आला. स्वतः खुर्चीत वाकून बसतो आणि यांना ताठ बसायला शिकवतो. विचारतो, काका, झोप लागते का? म्हटलं, छान लागते. भूक? उत्तम. मूड? हसतमुख. तर म्हणे, काकू, काकांना बोलू द्या ना जरा. घ्या! जे सांगायला यांना दहा मिनिटं लागतात ते मी एका शब्दात सांगते, त्याचं हे बक्षीस. हे तेवढा वेळ भिंतीकडे बघत होते. भिंतीचा रंग उडालाय खरा. उदास वाटणारच. पिवळा लावून घेते.

९ मार्च, दुपार
नणंद आली. ही बाई येते आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत नुसती बसते. धीर देणं नाही, उशी झटकणं नाही. दोघं बहीणभाऊ खिडकीतून समोरच्या गॅरेजात गाड्या धुताना बघतात. याला म्हणे सोबत! मी इथे राबराब राबायचं आणि हिने येऊन आयत्या बिळावर नागोबा व्हायचं. वर जाताना शहाणपण: वहिनी, घंटी उजवीकडे कशाला ठेवलीस? दादाचा तो खांदा वर होतो का?
मला माहीत होतं. तिकडे ती शोभत होती, इतकंच.
डावीकडे सरकवली.

१० मार्च
आजही वाजली नाही. बघा! खांद्याचा काही संबंधच नव्हता.

१४ मार्च
शेवटी यांनाच विचारलं, का वाजवत नाही? म्हणाले, तू धावत येतेस. म्हटलं, मग काय रांगत येऊ? तर म्हणाले, तू आलीस की मला बरं वाटून दाखवावं लागतं. दमायला होतं.
नव्या गोळ्यांनी माणूस काहीबाही बोलतो. डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

१६ मार्च
नणंदेने नवीन टूम काढली. म्हणे, दादाला महिनाभर माझ्याकडे नेते. मी मनातल्या मनात हसले. हिच्या घरी टोस्टच्या कडा कोण कापून देणार? दिलदारपणे म्हटलं, त्यांनाच विचार की.
हे म्हणाले, जातो.
लगेच! ज्या माणसाला चहा हवा की कॉफी हे ठरवताना चहा गार होतो, तो माणूस!

१७ मार्च, संध्याकाळ
गेले. बॅग मीच भरली, म्हणून तरी निभावलं. नणंद टॅक्सी बघायला खाली उतरली, तेवढ्यात यांनी घंटी उचलली. डाव्या हाताने. पहिल्यांदा बोटांतून निसटली, दुसऱ्यांदा धरली. काठी टेकत टेकत माझ्या पलंगापर्यंत गेले आणि माझ्या उशाशी ठेवली. म्हणाले, वर्षभर धड झोपली नाहीस. आता झोप. काही लागलं तर वाजव.
नणंदेचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे घंटी ऐकू कशी जाणार? जन्मभर असाच कारभार यांचा.
खोली आवरली. चादर बदलली. रंगाचं बघू पुढे. मग नणंदेच्या त्या खुर्चीत जरा टेकले. समोर लाल गाडी धुवत होते. बघण्यासारखं त्यात काहीही नाही. धुऊन, पुसून गाडी गेली तेव्हा उठले.
घंटी अजून वाजवलेली नाही. म्हणजे मजेत आहे.